वादी गंधार, संवादी टक्केवारी

शालेय वयात संगीताचे शिक्षण मिळणे अत्यावश्यक आहे, याविषयी आमच्या समाजात आता दुमत उरलेले नाही. आणि ज्या विषयावर पालक, संस्थाचालक, शिक्षण खाते व रविवारच्या पुरवण्या यांचे एकमत होते त्या विषयाची पुढे कोणती गत होते, हे ज्यांनी या राज्यात पाहिले आहे त्यांना विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. संगीताने गणित सुधारते, स्मरणशक्ती तल्लख होते, चित्त स्थिर होते, असे हल्ली कोणीही सांगतो. संगीत शिकल्याने गाणे येते, असे म्हणणारा इसम मात्र आमच्या पाहण्यात नाही.

अमेरिकेत 1993 साली काही संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना ऐकवली, तेव्हा कागदाच्या घड्या मनातल्या मनात उलगडण्याची त्यांची शक्ती किंचित वाढली आणि दहा-पंधरा मिनिटांत पूर्ववत झाली. एवढ्या भांडवलावर 1998 मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरसाहेबांनी तेथील प्रत्येक नवजात अर्भकास अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका सरकारी खर्चाने देण्याची तजवीज मांडली. आमचे सरकार इतके भाबडे नाही. ते मुलाची दहावी होईपर्यंत थांबते आणि मग रोकडे गुण देते.

शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्य यांच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळतात, आणि 2017 साली कला-क्रीडेच्या अशाच गुणांच्या आधाराने शंभर टक्के मिळवणाऱ्यांची संख्या 193 वर गेली, तेव्हा तोवर गाण्याला नाके मुरडणाऱ्या घरांतही नादब्रह्माचा साक्षात्कार झाला. तेथील बालक आता प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढते. यमन विचारा: थाट कल्याण, वादी गंधार, संवादी निषाद, मध्यम तीव्र, समय रात्रीचा पहिला प्रहर, हे सारे ते श्वास न घेता सांगते आणि सकाळी साडेदहा वाजता परीक्षकापुढे तो यमन म्हणूनही दाखवते. रागांची दहा थाटांत शिस्तवार मांडणी करणारे पंडित भातखंडे पेशाने वकील होते, हे येथे सहज आठवते. आपल्या मांडणीतील राग पुढे फौजदारी कलमांप्रमाणे पाठ केले जातील, अशी कल्पना मात्र त्या थोर पुरुषास असण्याचा संभव नाही. निकाल लागला की पेटी माळ्यावर जाते, तबला भाच्याकडे रवाना होतो, आणि अकरावीच्या शास्त्र शाखेत गाण्यास सवलत नसल्यामुळे गाणे बिनतक्रार बरखास्त होते.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले ते गवयास समाजात मान मिळावा आणि सभ्य गृहस्थांच्या मुलाबाळांना निःसंकोच गाणे शिकता यावे, या तळमळीने. तो हेतू इतका सफल झाला आहे, की आता सभ्य गृहस्थांना गाण्याचा संकोच वाटत नाही, केवळ प्रमाणपत्राची घाई वाटते. स्वतः पलुस्कर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी वर्षानुवर्षे तालीम घेत बसले होते, आणि त्या तालमीचे शेकडा किती गुण धरावेत हा प्रश्न गुरूला किंवा शिष्याला कधी पडला असेल, असे वाटत नाही.

कायद्याचीही या कामी सूक्ष्म दृष्टी आहे. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यान्वये सहावी ते आठवीच्या वर्गांत पटसंख्या शंभरावर असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमावयाचा असतो. म्हणजे शंभर मुलांपर्यंत कलेची गरज उद्भवत नाही. एकशे एकावे मूल हजेरीपटावर आले, की त्याच्या पाठोपाठ चित्र, गायन आणि नृत्य ही तिन्ही एकाच अर्ध्यामुर्ध्या माणसाच्या रूपाने शाळेत प्रवेश करतात. ते मूल गावी गेले, की कला पुन्हा अनावश्यक.

तरीही क्वचित एखादा निदेशक कर्तव्याचा विपर्यास करतोच. अशाच एका गृहस्थांविरुद्ध पालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज गुदरल्याचे आमच्या कानी आहे. पहिले सत्र सरत आले तरी स्नेहसंमेलनाचे स्वागतगीत बसवलेले नाही, परीक्षेचे राग सुरू केलेले नाहीत, मुले नुसती तंबोऱ्यापुढे बसून 'सा' लावतात आणि घरी आल्यावर पंख्याच्या घरघरीतही 'सा' शोधतात, सबब गृहपाठाची हानी होते, असा अर्जाचा आशय होता. निदेशकांकडून तीन दिवसांच्या मुदतीत खुलासा मागवण्यात आला. मुलांचा षड्ज आता कुठे लागू लागला आहे, आणखी थोडा अवधी मिळावा, असे त्यांनी लिहून दिले. खुलासा असमाधानकारक ठरून तो तास भूमितीकडे वर्ग झाला. कारण षड्जाला गुण किती, हे त्या गृहस्थांना शेवटपर्यंत सांगता आले नाही.