सहलीतले ऑडिटर

प्रत्येक सहलीत एक नाना असतात. टूर कंपनी त्यांना मुद्दाम बोलावत नाही. तिचं चाललं तर ती त्यांचं नाव यादीतूनच उडवेल. पण नाना येतातच. पैसे त्यांनी तुमच्या-आमच्याइतकेच भरलेले असतात. फरक एवढाच की आपण पैसे भरले की ते गेले म्हणून सोडून देतो. नाना शेवटचा रुपया वसूल होईपर्यंत डोळ्याला डोळा लागू देत नाहीत.

नाना बहुधा निवृत्त असतात. एसटी, जिल्हा परिषद, साखर कारखाना, बँक, खातं कुठलंही असो, हयात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलेली. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. हातात घड्या घालघालून मऊ पडलेली कार्यक्रमपत्रिका. तिच्यात 'दुपारचे जेवण' याखाली एक रेघ, 'स्वीट डिशसह' याखाली दोन. बरोबर काकू असतात, पण त्या कायम दहा पावलं पुढे चालतात. लग्नानंतरची काही वर्षं त्या मागून चालत असणार. अनुभवाने पुढे गेल्या.

आमच्या दिल्ली सहलीच्या वाट्याला आलेले नाना मूळचे वाईचे, एका सहकारी बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. सहलीतला एक दिवस आग्र्याचा होता, आणि तोही आगगाडीने. हजरत निजामुद्दीनहून सकाळी ८.१० ला गतिमान एक्स्प्रेस सुटते, ९.५० ला आग्रा कॅन्टला उतरवते आणि संध्याकाळी परत आणून सोडते. आमचा टूर मॅनेजर म्हणजे पंचविशीतला हसतमुख पोरगा. त्याने सगळ्यांना सातला फलाटावर बोलावलं होतं. नाना साडेसहालाच हजर, आणि 'फलाटावर कंपनीचा प्रतिनिधी नाही' ही पहिली नोंद सहा पस्तीसची. गाडी मात्र ठरल्या मिनिटाला हलली. नानांचा चेहरा उतरला. वेळेवर सुटलेल्या गाडीबद्दल वहीत लिहिणार काय?

ती उणीव पोराने भरून काढली. ही गाडी ५ एप्रिल २०१६ ला सुरू झाली तेव्हा देशात सर्वांत वेगवान होती, ताशी १६० किलोमीटर, असं त्याने हातात माइक नसताना माइकच्या सुरात सांगितलं. नानांनी वहीचं मागचं पान काढलं.

"अंतर १८८ किलोमीटर. वेळ शंभर मिनिटं. सरासरी ताशी ११३ पडते. १६० कुठाय?"

"नाना, तो कमाल वेग."

"मग कमाल म्हणून सांगा ना! ठेवींच्या जाहिरातीतही असंच असतं. व्याजाचा दर तळहाताएवढा मोठा, आणि अटी मुंगीच्या अक्षरात."

नाश्ता आला. आपण ट्रे उघडून खायला लागतो. नाना आधी साठा तपासतात. कटलेट, ब्रेड, लोणी, चहाची पुडी, दुधाची पुडी, साखरेच्या पुड्या, मीठ, मिरपूड, सॉस, कागदी रुमाल. नाना मधुमेही, साखर त्यांना वर्ज्य. तरी साखरेच्या पुड्या कमरेच्या पाऊचमध्ये गेल्या. त्या खायच्या नव्हत्या, पण सोडायच्याही नव्हत्या. काकूंनी खिडकीबाहेर बघत स्वतःच्या पुड्या न बोलता त्यांच्याकडे सरकवल्या. सुखी संसाराची याहून चांगली व्याख्या मला अजून कुणी सांगितलेली नाही.

ताजमहालाजवळ पेट्रोल-डिझेलच्या गाड्या जाऊ देत नाहीत. वाहनतळापासून बॅटरीची गाडी धरावी लागते. त्यानंतर तपासणीची रांग. तिथे नानांचा अडकित्ता सापडला. सुपारी आत चालत नाही, अडकित्ता तर नाहीच. तो बाहेर ठेवायला सांगितल्यावर नाना म्हणाले, "रखता है. लेकिन मेरेको पावती चाहिए." मागे दोनेकशे माणसं खोळंबलेली, आणि नाना पितळी अडकित्त्याचं वर्णन टोकनमागे लिहून घेतायत, 'मोराच्या आकाराचा, एक पाय किंचित वाकडा'.

आमचा गाईड साठीला आलेला, तोंडात विडा आणि जिभेवर शहाजहान. अशा गाईडांच्या चार-पाच गोष्टी पाठ असतात. त्या बव्हंशी खोट्या असतात, पण ऐकायला इतक्या छान की कुणी हरकत घेत नाही. ताज पूर्ण झाल्यावर बादशहाने कारागिरांचे हात तोडले, ही त्यातली सगळ्यांत लाडकी. गाईडने आवाज खाली आणला, बायकांनी 'अय्या' म्हटलं, आणि नानांनी पेन वर केलं.

"तुम बोलता है वो ठीक है, लेकिन उसका व्हाउचर किधर है?"

"साहब, सब लोग बोलते हैं।"

"सब लोग बोलता है वो मेरे को नहीं चलता. दिल्ली का लाल किल्ला कब बांधा?"

गाईड चपापला. लाल किल्ल्याचं काम १६३९ ला सुरू झालं, म्हणजे ताजचं काम चालू असतानाच. आणि दोन्हीकडे उस्ताद अहमद लाहोरीचंच नाव घेतलं जातं. नानांनी हे आदल्याच दिवशी दिल्लीच्या गाईडकडून वदवून घेतलं होतं, तारखेनिशी. "एवढे मोठे प्रकल्प हातात असलेला माणूस आपल्या कुशल कामगारांचे हात तोडील का हो?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "पुढची टेंडरं कोण भरणार?"

मग काळ्या ताजमहालाची पाळी आली. यमुनेच्या पलीकडे शहाजहान स्वतःसाठी काळ्या दगडाचा दुसरा ताज बांधणार होता, ही टॅव्हर्निये नावाच्या फ्रेंच प्रवाशाने सोडलेली पुडी गेली तीनशे वर्षं उडतेय. "पाया दाखवा," नाना म्हणाले. गाईडने विडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला, नानांकडे नीट पाहिलं आणि प्रथमच साध्या आवाजात बोलला. पलीकडे मेहताब बागेत खोदकाम झालं होतं, पाया मिळाला नाही. एक मोठा अष्टकोनी हौद निघाला. काळे वाटत होते ते दगड काळे पडलेले पांढरे संगमरवरच निघाले.

इथून सहलीचा रंग बदलला. गाईडने ओळखलं की या गिऱ्हाइकाला आतला माल दाखवायचा. दरवाज्यावरच्या कुराणाच्या आयती बघा साहेब, वरची अक्षरं खालच्यापेक्षा मोठी काढलीत, म्हणून खालून सगळी सारखी दिसतात. चारही मिनार बाहेरच्या बाजूला किंचित कललेले आहेत, पडलेच तर घुमटावर पडू नयेत म्हणून. नानांनी एक डोळा मिटून, पेन उभं धरून मिनाराचा कल बघितला आणि "बरोबर" असा शेरा मारला. संगमरवर राजस्थानातल्या मकरान्याचं. मग गाईडने एका फुलावर छोटी बॅटरी टेकवली, तर लाल अकीक आतून निखाऱ्यासारखा पेटला. एका फुलात किती तुकडे, हे नाना मोजायला बसले. मागच्या रांगेने हाकललं तेव्हा उठले.

आमची बाकीची मंडळी तोवर घुमटाचं टोक चिमटीत धरल्याचे फोटो काढत होती. युवराज्ञी डायना १९९२ मध्ये ज्या बाकावर बसली होती, त्या बाकाला रांग होती. एक जोडपं तर पाठमोरं चालत गेलं आणि पाठमोरंच परत आलं; ताजमहाल त्यांनी बघितला असेल तर फोनच्या काचेत.

नानांना खरी भूल पडली ती समतोलाची. इमारतीच्या पश्चिमेला मशीद. पूर्वेला हुबेहूब तशीच दुसरी इमारत, तिचं नावच 'जवाब'. ती कशासाठी? तर मशिदीच्या समोर तोलाला काहीतरी हवं म्हणून.

"म्हणजे निव्वळ कॉन्ट्रा एन्ट्री!" नाना जवळजवळ ओरडले. "इकडे नावे, तिकडे जमा. अहो, ताळेबंद दगडात बांधलाय या माणसाने!"

मुख्य कबरीच्या दालनाचं तिकीट वेगळं आहे, ५० चं साधं तिकीट अधिक २०० रुपये. आमच्यातल्या निम्म्यांनी "आत काय, कबरीच तर आहेत" म्हणून ते वाचवलं. पैशापैशाला जपणाऱ्या नानांनी मात्र भरलं. बुटांवर चढवायच्या पिशव्या घालून आम्ही आत गेलो. मधोमध, अगदी केंद्रावर मुमताजची कबर. तिच्या पश्चिमेला, बाजूला सरकलेली आणि आकाराने मोठी, शहाजहानची. खऱ्या कबरी खालच्या तळघरात, तिथे एरवी कुणाला सोडत नाहीत. अख्ख्या परिसरात समतोल मोडतो तो या एकाच ठिकाणी.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही नोंद मागाहून घुसडलीय." बरोबरच होतं. मुमताज १६३१ मध्ये बऱ्हाणपुरात गेली, पुढच्या वर्षी बांधकाम सुरू झालं. शहाजहान मेला १६६६ मध्ये, आग्र्याच्या किल्ल्यात मुलाच्या कैदेत. आखणीत त्याची जागा नव्हतीच.

मी त्यांना एक माहिती पुरवली. या जागेच्या देखभालीसाठी शहाजहानने ३० गावांचं उत्पन्न लावून दिलं होतं. "शाब्बास! घसाऱ्याची तरतूद!" मग दुसरी: १६५२ मध्ये औरंगजेबाने बापाला पत्र लिहून कळवलं होतं की पावसाळ्यात मुख्य घुमट गळतो. नाना थबकले. वाईचा माणूस, औरंगजेबाबद्दल चांगलं बोलणं जिवावर येणारच. पण धंद्याचं इमान मोठं. "त्याचं बाकी काही सांगू नका," ते म्हणाले, "एवढा तपासणी अहवाल तेवढा चोख."

जेवणानंतर बस एका संगमरवराच्या दुकानापुढे थांबली. हे थांबे कार्यक्रमपत्रिकेत नसतात, पण देवाच्या दारी नारळ तसे सहलीत असतातच. दुकानदाराने सांगितलं की आमचे कारागीर ताज बांधणाऱ्यांचे वंशज. नाना हसले. सकाळपासून पहिल्यांदा. "सकाळी हात तोडले म्हणाले, दुपारी वंशज कला चालवतात म्हणतात. काय, पायाने शिकवली?" गाईडने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. आम्ही तिथून लवकर निघालो, आणि वाचलेली मिनिटं नानांनी आग्रा किल्ल्याच्या खाती वळती करून घेतली.

किल्ल्याचा बराचसा भाग लष्कराच्या ताब्यात आहे, बघायला मिळतो तो थोडाच. एरवी नानांनी यावर पानभर लिहिलं असतं. पण किल्ल्यासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसला आणि वही खिशात गेली. चप्पल काढून त्यांनी रस्त्यातूनच नमस्कार केला. मे १६६६ मध्ये महाराज दरबारात आले ते याच किल्ल्यात. मानाची जागा न मिळाल्यावर भर दरबारात चिडले तेही इथेच. ऑगस्टमध्ये ते पहाऱ्यातून निसटले, ती गोष्ट शाळेतल्या पोरालाही येते. नानांनी ती मला पुन्हा सांगितली, पण आपल्या पद्धतीने.

"पेटारे पहिले काही दिवस उघडून बघितले पहारेकऱ्यांनी. मिठाई निघाली. पुढे बघायचं सोडलं. असंच होतं हो! आमच्या एका शाखेत सहा महिने तिजोरी रोज मोजली, सातव्या महिन्यात कंटाळा केला, आणि त्याच महिन्यात..." ते थांबले. "आवक-जावक ढिलं राहिलं म्हणून आनंद झाला, असा इतिहासात हा एकच प्रसंग."

स्टेशनच्या वाटेवर पेठ्यासाठी थांबलो. आग्र्याचा पेठा म्हणजे कोहळा. तुकडे चुन्याच्या निवळीत भिजवून पाकात मुरवतात. काकूंनी एक किलो केशरी घेतला. दर ऐकून नाना म्हणाले, "आवळा देऊन कोहळा काढतात ऐकलं होतं. इथं कोहळा देऊन आपल्याला काढलं." पण नमुन्याचे तुकडे त्यांनी तीन प्रकारचे खाल्ले. मधुमेह त्या वेळी खात्याबाहेर होता.

निरोप घेताना गाईडला सगळ्यांनी काढून ठेवलेलं बक्षीस मॅनेजरने दिलं. नानांनी गाईडला बाजूला नेऊन आपल्या पाकिटातून एक नोट वेगळी दिली, आणि काकूंना दिसणार नाही याची काळजी घेतली. काकूंना ती दिसली.

गाडीत अभिप्रायाचे कागद वाटले गेले. आम्ही सगळ्यांनी 'उत्तम'वर खूण केली आणि डोळे मिटले. नानांनी पुरवणी मागितली. ती मी नंतर चोरून वाचली. 'फलाटावर प्रतिनिधी २५ मि. उशिरा. दुकानात अनधिकृत थांबा. स्वीट डिश होती, परंतु थंड गुलाबजाम.' शेवटी लाल शाईत: 'स्मारक तपासले. ताळा जुळतो. अपवाद एक, तो मान्य.'

तेव्हा तुमच्या सहलीत असे नाना भेटले तर तोंड चुकवू नका. त्यांच्या शेजारची सीट पकडा, आतल्या दालनाचे २०० रुपये भरा, आणि तारीख बघून जा. शुक्रवारी ताज बंद असतो, आणि गतिमानही धावत नाही.