संस्थानी भोंगा

सातारा-सांगलीकडे विकायला निघालेला प्रत्येक चावीचा ग्रामोफोन कुठल्या तरी दरबारातूनच आलेला असतो. सातारचं राज्य १८४८ साली खालसा झालं, बर्लिनरचा ग्रामोफोन १८८७ चा. पण तपशिलासाठी सौदा कोण मोडतो? त्यात बालगंधर्व नागठाण्याचे, म्हणजे त्यांनी आपली तबकडी याच्यावरच ऐकली, हे फुकटात. पेटी उघडावी, तर मोटर बिनभोंग्याच्या पोर्टेबलमधली. वर भोंगा मात्र चकचकीत पितळी, कालचाच. साउंडबॉक्समध्ये अभ्रकाऐवजी प्लास्टिक, आणि कुत्रा स्टिकरचा. 'यातलं ओरिजनल काय?' विचारलं, की मालक ठसक्यात चावी काढून दाखवतो. तीही दुसऱ्याच मशीनची. 'बसते ना? मग झालं तर!'