कागदावरचे बागायतदार

नाना दारूला शिवत नाहीत. गळ्यात तुळशीची माळ आहे, वारी चुकत नाही. तरीही फ्रान्समधल्या बर्गंडीच्या लाल वाइनबद्दल न्हावा शेवा बंदरात शेवटचा शब्द त्यांचाच.

हुद्दा म्हणाल तर क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसातले कारकून. १९८९ साली बंदर सुरू झालं त्याआधीच घरची भातखाचरं गेली होती. खाचरं गेली, पण शेतकऱ्याची खोड कुठे जाते? ती बिल ऑफ लेडिंगमध्ये शिरली. फ्रान्सचा रीफर, म्हणजे थंडगार कंटेनर, लागला की इतर लोक ड्यूटी बघतात, नाना बाटलीवरचं साल बघतात. ‘२०२१? अरेरे.’ त्या एप्रिलात बर्गंडीत कोवळ्या फुटींवर हिम पडलं आणि लोकांनी रात्रभर बागांत मेणबत्त्या पेटवल्या. नाना हे अशा आवाजात सांगतात की त्यातल्या निदान दोन तरी यांनीच धरल्या असाव्यात. ‘निफाडला पारा उतरला की आपले लोक शेकोट्या करतात, तसंच ते.’

बर्गंडीवाल्यांवर त्यांचा एकच राग आहे. ‘आपला नाशिकवाला एप्रिलात खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात पुन्हा गोडी छाटणी. आणि हे? हिवाळ्यात एकदा कात्री चालवली की थेट सप्टेंबरात तोडणी!’ त्यात वाण पिनो न्वार. पातळ सालीचा, घड गच्च. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला की कूज लागलीच. साल पातळ म्हणून रंगही फिका. एका नव्या पोऱ्याने ‘यात पाणी घातलंय का?’ असं विचारलं, तेव्हा नानांनी त्याला आठवडाभर भंगाराच्या फाइलींवर बसवलं.

२०२१ च्याच अर्थसंकल्पात वाइनवरची १५० टक्के जकात फोडून ५० टक्के जकात आणि १०० टक्के कृषी अधिभार अशी वाटणी झाली. बेरीज तीच, पण नाना खूश. ‘राबतो फ्रान्सचा शेतकरी, आणि पैसा जमा आपल्या शेतीच्या नावे!’ तो शेतीपर्यंत पोचतो का, हे त्यांना विचारायची ऑफिसात कुणाची छाती नाही.

दिवाळीला एका आयातदाराने बर्गंडीची बाटली पाठवली. नानांनी चष्मा लावून पुढचं लेबल वाचलं, मागचं वाचलं, आयातदाराचा स्टिकर सरळ चिकटवलाय ना तेही पाहिलं. ‘२०२०. उन्हाळा कडक, काहींनी तोडणी ऑगस्टातच उरकली. तरी आंबटपणा टिकलाय.’ मग बूच काढायला लावून त्याच पोऱ्याच्या हातात चहाचा ग्लास दिला आणि समोर उभे राहिले.

‘कशी लागते?’

‘नाना, आंबट.’

नानांचा चेहरा फुलला. ‘लागणारच! अजून पाच वर्षं पडून राहायला हवी होती.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘पण तेवढं डेमरेज भरणार कोण?’