स्ट्रासबर्गचा करार आणि ताईचं घर

जर्मनीत ओ-पेअर म्हणून जाणाऱ्या पोरीचे लाड कागदावर लिहिलेले असतात. यजमानांची मुलं सांभाळायची, हलकंफुलकं घरकाम करायचं, तेही आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास. बदल्यात स्वतंत्र खोली, जेवणखाण, विमा, महिन्याला २८० युरो हातखर्च, भाषेच्या वर्गासाठी वर ७० युरो आणि आठवड्यातून दीड दिवस सुट्टी. वय सत्तावीसच्या आत हवं आणि जर्मनची ए-वन परीक्षा झालेली हवी. शिवाय एक अट आहे : यजमान नात्यातले नसावेत. ही अट ज्याने घातली त्याच्या पाया पडायला मी एकदा जाणार आहे. त्या माणसाला नक्की एखादी मावसबहीण असणार, आणि ती नोएडात राहत असणार.

मलाही असंच जायचं होतं. ए-वन पुण्यातही करता आली असती. तिथेही जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन आहे. पण आईने जाहीर केलं, "ताई तिकडं नोएडात दोन पोरांत एकटी पडलीय. तिच्याकडं रहा, तुझी पण सोय होईल." आमच्याकडे सोय नक्की कोणाची होतेय, हे कोल्हापूरहून निजामुद्दीनची गाडी सुटल्यावरच कळतं.

तसा हा प्रकार आपल्याला नवा नाही. युरोपातल्या देशांनी स्ट्रासबर्गला बसून ओ-पेअरचा करार केला १९६९ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत होते. पुढे खेड्यातला भाचा शहरातल्या मामाकडे राहून शिकायला लागला. त्याने दूध आणलं, रॉकेलच्या रांगेत उभा राहिला, मामेभावाचं गणित घेतलं आणि जमेल तेव्हा स्वतःही मॅट्रिक झाला. आपण फक्त करार केला नाही. करार केला की तास मोजावे लागतात, आणि घरच्या माणसाचे तास मोजणं आपल्यात वाईट दिसतं.

ताईची सोसायटी नोएडाच्या सत्तरीच्या सेक्टरांत. नाव इटलीतल्या गावासारखं, कारंजं बंद, आणि फाटकावर तीन गार्ड. पहिल्याच संध्याकाळी मी त्यांतल्या एकाला म्हटलं, "भैया, जरा दरवाज़ा लोट दो." त्याने दरवाज्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कहाँ लौटाना है, मैडम?" थोरला भाचा त्यानंतर आठवडाभर माझ्याबरोबर लिफ्टमधून खाली यायला तयार नव्हता.

माझ्याकडे दोन मुलं आणि एक मोहीम होती. पोरांना मराठी समजतं, पण बोलायची वेळ आली की दोघंही हिंदीत शिरतात. म्हणून रोज संध्याकाळी एक तास फक्त मराठी. मी दर निश्चित केला : एक अख्खं मराठी वाक्य, एक मोमो. दिल्लीच्या मुलांकडून मोमोसाठी काहीही करून घेता येतं. महिन्याभरात धाकटी घडाघडा बोलायला लागली आणि एका रविवारी तिने दाजींच्या आईला, म्हणजे सदाशिव पेठेतल्या आजीला, फोनवर विचारलं, "काय आज्जे, जेवलीस न्हवं?" तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. रात्री ताई मला म्हणाली, "मी तुला मराठी शिकवायला सांगितलं होतं." ताई स्वतः कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेली आहे, हे नोंदवून पुढे जाते.

आता माझं शिक्षण. दिल्लीचं मॅक्सम्युलर भवन कस्तुरबा गांधी मार्गावर आहे. मेट्रोने बाराखंबा रोडला उतरून चालत जाता येतं. पण पहिल्या दिवशी ताई म्हणाली, नवीन आहेस, रिक्षाने जा. रिक्षावाल्या काकांना "मैक्समूलर" एवढंच ऐकू आलं आणि त्यांनी मला मॅक्सम्युलर मार्गावर सोडलं. तो मार्ग लोधी गार्डनला लागून आहे. समोर इंडिया इंटरनॅशनल सेंटर, मागे सुलतानांच्या कबरी, आणि अवतीभवती झपाझप चालणारे निवृत्त सचिव. मी म्हटलं, इथे भवन नाहीये. काका म्हणाले, "मैडम, सड़क उनकी यहाँ है तो मकान भी यहीं होगा." तर्क बिनतोड होता. गंमत म्हणजे मॅक्सम्युलरने ऑक्सफर्डमध्ये बसून सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढला, १८४९ ते १८७४ अशी पंचवीस वर्षं घालवली, पण भारतात एकदाही पाऊल ठेवलं नाही. दिल्लीने त्याला एका भागात रस्ता दिला, दुसऱ्या भागात घर दिलं. तो आला असता तर कुठे उतरला असता, देव जाणे.

दुसऱ्या दिवसापासून ब्लू लाइन. सेक्टर ५२ला चढायचं, पहिल्या म्हणजे बायकांच्या डब्यात घुसायचं, यमुना ओलांडेपर्यंत क्रियापदं आणि मंडी हाऊस येईपर्यंत नामं. मध्येमध्ये शम्मी नारंग आणि रिनी सायमन खन्ना दरवाजे कुठल्या बाजूला उघडतील ते सांगत राहतात. दोघंही दूरदर्शनचे जुने वृत्तनिवेदक. माझं हिंदी जे काही सुधारलं ते नारंगसाहेबांमुळे, म्हणूनच मी अजून भाजीवाल्याशी बोलताना पुढचं स्थानक जाहीर केल्यासारखी बोलते.

वर्गात मात्र मला अचानक भाव आला. जर्मनमध्ये तीन लिंगं, आणि मुलगी नपुंसकलिंगी! दिल्लीकर मंडळी हादरली. लाजपतनगरचा एक मुलगा तर बाईंशी हुज्जतच घालायला लागला. मला त्यात काय विशेष ते कळेना. आमच्या गल्लीत "ते पोरगं कुठं गेलं?" हा प्रश्न मुलाबद्दलही विचारतात आणि मुलीबद्दलही. हिंदीवाल्यांना दोन लिंगांत आयुष्य काढायची सवय, आमचं तिसरं पिढ्यान्‌पिढ्या घरात नांदतंय. याच दिल्लीत २०१४ साली केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून जर्मन काढून पुन्हा संस्कृत आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. संस्कृतलाही तीनच लिंगं. आयुष्य संस्कृतात घालवलेल्या जर्मन मॅक्सम्युलरला त्या भांडणात कोणाची बाजू घ्यावी लागली असती, कल्पना करवत नाही.

कस्तुरबा गांधी मार्गाचं आणखी एक सुख म्हणजे त्याच रस्त्यावर नवं महाराष्ट्र सदन आहे. ब्रिटिश कौन्सिल आणि अमेरिकन सेंटरही तिथेच. एका रस्त्यावर तीन भाषांची सोय, पण परक्या भाषेचा वर्ग संपल्यावर भूक लागते ती मराठीतच.

नोव्हेंबर आला आणि करारातले ३० तास ही काय चैन असते ते समजलं. हवेच्या प्रदूषणाचा आकडा ४५०च्या वर चढला, 'ग्रॅप' नावाच्या प्रदूषण-निर्बंधांचा चौथा टप्पा लागला, शाळा ऑनलाइन झाल्या. दोन मुलं, दोन लॅपटॉप, एक एअर प्युरिफायर आणि मी. ताई-दाजी दोघंही ऑफिसला. थोरल्याच्या गणिताच्या तासाला धाकटीचा नाच चालू, आणि माझा जर्मनचा गृहपाठ कणकेच्या हातांनी. त्या आठवड्यात मी आईला फोनवर स्ट्रासबर्गच्या कराराबद्दल समजावून सांगितलं. आई म्हणाली, "बरं, पोरांना सुंठ घालून काढा देतीस न्हवं?"

परीक्षा जवळ आली तशी घरात तोंडीची तालीम सुरू झाली. नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद, या क्रमाने स्वतःबद्दल बोलायचं. ठिकाणावरच गाडी अडली. दाजी म्हणाले, नोएडा म्हण, खरं ते सांगावं. थोरला म्हणाला, "दिल्ली बोलो मौसी, नोएडा तो यूपी में आता है," आणि यूपी म्हटलं तर परीक्षक लखनौपासून चौकशी सुरू करतील अशी त्याला भीती. व्यवसायाला मी विद्यार्थिनी म्हटलं. ताईने मान डोलावली आणि त्याच दमात विचारलं की उद्याच्या डब्याला भेंडी चिरून ठेवलीस का.

मग जेवताना ताईने सहज सांगितलं की मी गेल्यावर काळजीचं कारण नाही, दाजींचा भाचा बार्शीहून करोलबागला यूपीएससीच्या क्लासला येतोय. जुन्या राजेंद्रनगरला खोल्यांची भाडी परवडत नाहीत, त्यामुळे तो इथेच राहील, त्याचीही सोय होईल.

"त्याला डबे भरता येतात का, तेवढं विचारून घ्या," ती दाजींना म्हणाली.

"अगं, तो आयएएस व्हायला येतोय."

"मग? करोलबाग ब्लू लाइनवरच आहे. थोरल्याची बस सात दहाला जाते. ती गेली की निघेल."