चरित्रचर्चा कशी घडवून आणावी

आधी महिना ठरवावा. दिंडोरीत द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत बैठक ठेवू नये. चर्चा डॉ. आनंदीबाई जोशींच्या चरित्राची असली, तरी त्यांच्यासाठी डावणी रोगाची फवारणी थांबत नसते. जानेवारी ते मार्च बागेत व्यापारी, एप्रिलात खरड छाटणी. उरतो जुलै. बैठकीच्या दिवशी वीज गेलीच, तर पुस्तक न वाचल्याचे कारण आयते मिळते.

चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले घ्यावे. मंडळात प्रत एकच असावी. प्रत्येकीकडे प्रत आली की कोणी वाचले नाही हे उघडे पडते. ज्यांनी नुसता सिनेमा पाहिला आहे त्यांनी “पुस्तकात जरा वेगळं आहे हं” असे सुरुवातीलाच म्हणून टाकावे. हे वाक्य कधीच चुकत नाही.

दोन-चार तारखा पाठ कराव्यात. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट, ४ जूनला न्यूयॉर्क. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला एम.डी., फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात मृत्यू. वय २१. इथे सगळ्या गप्प होतात. तेवढ्यात चिवड्याची प्लेट फिरवू नये.

मग आनंदीबाईंचे पती गोपाळराव. पाऊण चर्चा त्यांच्याच वाट्याला जाते, त्याला इलाज नाही. बोटीवर ती होती, ते इकडे पोस्टाची नोकरी करत होते. तरी “नवऱ्याने पाठवली म्हणून गेली” हे कोणीतरी म्हणतेच. म्हणू द्यावे. मग एखादीने हळूच विचारावे, की लग्नात ती नऊ वर्षांची, ते तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे, आणि अभ्यासासाठी मारही खाल्ला, त्याचे काय? ह्या प्रश्नावर चहा येतो. तो सांगावा लागत नाही.

चहानंतर साडी. तिकडच्या थंडीत नऊवारीत पाय उघडे पडतात म्हणून आनंदीबाई गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. ह्यावर न वाचलेल्याही अधिकाराने बोलतात. शवविच्छेदनाचा विषय काढणारीला मात्र पुढच्या वेळी पोह्यांचे काम द्यावे.

शेवटी सहलीचा ठराव येतो. आपणही कुठेतरी जाऊ या, फक्त बायका-बायका! अमेरिका राहू द्या, वणीच्या गडावर, संध्याकाळच्या आत परत. त्यावर सगळ्या एकमुखाने म्हणतात, “घरी विचारून सांगते.” इतिवृत्तात एवढेच लिहावे : ठराव सर्वानुमते मंजूर.