उठता येत नाही

अख्ख्या बायबलात मला सर्वांत हसू आणणारं वाक्य अहरोनाचं आहे. मोशे डोंगरावरून उतरतो तर खाली सोन्याच्या वासरापुढे नाचगाणं चाललेलं. त्यानं जाब विचारल्यावर हा थोरला भाऊ सांगतो, लोकांनी सोनं दिलं, मी ते विस्तवात टाकलं आणि त्यातून हे वासरू निघालं. आपोआप! वीसेक ओळी आधी त्यानंच ते कोरणीनं घडवल्याची नोंद आहे. पण मला अहरोनाची कीव येते. आपली मूर्ती आपण घडवली, असं कुणाला वाटतं? ती निघतेच.

आम्हा मराठी प्रॉटेस्टंटांना ‘मूर्ती करू नकोस’ ही दुसरी आज्ञा फार सोपी वाटते. हिंदू शेजाऱ्याकडे गणपती, कॅथलिक शेजाऱ्याकडे मरियेचा पुतळा. आमच्या भिंतीवर वचनाचं कॅलेंडर. मग मूर्ती आहे कुठे? संपला विषय. पण लूथरनं १५२९ सालच्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरीत गोची करून ठेवली आहे. तुझं मन ज्याला चिकटून बसतं तोच खरा तुझा देव, अशा अर्थाचं तो म्हणतो. म्हणजे झडती भिंतीची नव्हे, मनाची घ्यायची.

झडतीवरून राहेल आठवते. ती बापाच्या, लाबानाच्या, गृहदेवता चोरून नवऱ्याबरोबर निघाली. लाबान पाठलाग करत आला, तंबून् तंबू उचकला. राहेलनं मूर्ती उंटाच्या खोगिरात कोंबल्या, वर स्वतः बसली आणि म्हणाली, बाबा, रागावू नका, मला अडचण आहे, उठता येत नाही. बिचारा लाबान काय बोलणार! झडती निष्फळ.

आमच्या चर्चमध्ये खोगीर नाही, बाक आहे. बायकांच्या बाजूला, खिडकीलगतचा तिसरा. एका रविवारी पाहुणी मुलगी तिथं बसली, तेव्हा आमच्या एक मावशी अत्यंत प्रेमळ आवाजात म्हणाल्या, “बाळा, इथं कुणीतरी बसतं.” मुलीनं विचारलं, “कोण?” मावशी म्हणाल्या, “मी.” त्या बाकाच्या डोक्यावर पंखा आहे. त्याच्या पात्यांवर लाल रंगात मावशींच्या सासऱ्यांचं नाव आणि ‘स्मरणार्थ’ ही अक्षरं रंगवली आहेत. पंखा फिरू लागला की वाचता येत नाहीत, म्हणून थंडीच्या दिवसांत मावशींची भक्ती अधिक एकाग्र असते. त्याच मावशी कोणाच्याही दुखण्याखुपण्याला डबा घेऊन सर्वांत आधी पोचतात. मूर्तिपूजक म्हणजे वाईट माणूस, हा समज म्हणूनच सोडावा लागतो.

मूर्तीही मुळात वाईट असतेच असं नाही. मोशेनं रानात पितळेचा साप केला तो देवाच्या सांगण्यावरून. सापाने दंश केलेली माणसं त्याच्याकडे पाहून जगली. पुढे शतकानुशतकं लोक त्यालाच धूप जाळू लागले आणि हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. मला नेहमी वाटतं, वासरू फोडणं सोपं. साप फोडायला छाती लागते. त्याच्याकडे पाहून आपला पणजोबा वाचलेला असतो.

आमचा साप म्हणजे आमची गीतं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग दिले, भजन दिलं, कीर्तन दिलं. परक्या चालींवर मान डोलवणाऱ्यांना आपल्या मातीचा ठेका दिला. आज कुणी पोरगं गिटार घेऊन उभं राहिलं की आम्ही ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक छातीशी धरतो आणि टिळकांच्या नावानं त्याला खाली बसवतो. एकेकाळचं नवं गाणं आमच्या हातात पोचेतो पितळेचं झालं.

टिळकांचं स्वतःचं काय? १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथं येऊ शकत होते. पगार सोडणं मी समजू शकतो. पण ज्या चौकटीत आपल्याला मान मिळाला तीच सोडणं म्हणजे खोगिरावरून उठणं, तेही सगळे पाहत असताना. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं तर याहून अवघड. नवऱ्यानं धर्म बदलला तरी त्यांचं सोवळं चुलीपाशी ठाण मांडून होतं. ते एका झटक्यात गेलं नाही. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ते पायरीपायरीनं उतरताना दिसतं, आणि त्या स्वतःलाच हसत हसत ते सांगतात. मला वाटतं, मूर्तीला हातोड्यापेक्षा हसण्याची भीती जास्त असावी.

टिळकांची तसबीर आमच्या सभागृहात आहे. जयंतीला तिला हार घालावा की नाही, यावर कमिटीत दोन तट आहेत. गेल्या बैठकीत तोडगा निघाला की हार आणावा, पण तसबिरीखालच्या टेबलावर ठेवावा.