मूळ कादंबरीवाले

कॅम्प दोनच्या गजानन मार्केटात एका कापडाच्या गाळ्यात शेठचा जमाखर्च लिहितात ते आमचे मूळकर. हे त्यांचं आडनाव नव्हे. कादंबरीवरून निघालेल्या कुठल्याही सिनेमाचं नाव काढा, ते चष्मा कपाळावर चढवून सुरू होतात, "पण मूळ कादंबरीत..." म्हणून मूळकर. आणि अस्सलपणाचा हा आग्रह कुठे, तर उल्हासनगरात! 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असं इथलीच माणसं हसत हसत सांगतात.

मूळकर सिनेमा बघत नाहीत, माल मोजून घेतात. २०१० साली 'नटरंग' लागला तेव्हा कल्याणला त्यांच्या शेजारी मी होतो. पडद्यावर लावणी रंगलेली, मागून शिट्ट्या, आणि मूळकर मोबाइलच्या उजेडात आनंद यादवांची पानं उलटताहेत. "हे गाणं कुठंय यात?" पुढच्या रांगेतल्या बाईंनी वैतागून मागे पाहिलं, तर त्यांनाही पुस्तक दाखवलं. 'दुनियादारी'च्या मध्यंतरापर्यंत तर शिरवळकरांच्या कादंबरीशी ताळा करून तुटीची यादी तयार होती. हातातला वडा गार.

हाच माणूस हिशेब जुळला की 'जैत रे जैत'ची गाणी गुणगुणतो. मी म्हटलं, "गोनीदांच्या कादंबरीत कुठं आहेत ही?" जराही न अडखळता म्हणाले, "महानोरांना सूट आहे."

खरी जुंपते ती शेठशी. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' अशा दोन कादंबऱ्या. तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी १९७९ साली सिनेमा काढला, तो एकच. "मग बाकीचा ऐवज गेला कुठे?" मूळकरांचा सवाल. शेठनी कात्रीही खाली ठेवली नाही. "अरे भाऊ, दो थान में से एक सूट बनाया। कटिंग में नहीं जाएगा क्या? पूरा कपडा पँट में डालेगा तो आदमी चलेगा कैसे?"

मूळकरांनी त्या दिवशी डबा एकट्यानं खाल्ला. मी मनातून शेठच्या बाजूचा. एवढी कापाकापी झाली म्हणूनच तर निळू फुल्यांचा दिगू टिपणीस डोक्यातून जात नाही. पण हे मूळकरांना कोण सांगणार?

'श्यामची आई'पुढे मात्र त्यांचा ताळेबंद कोलमडतो. साने गुरुजींच्या बेचाळीस रात्री अत्र्यांनी १९५३ साली एका खेळात उरकल्या, ही तक्रार आहेच. त्या सिनेमाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, ही 'सरकारची घाई'. पण टीव्हीवर लागला की रुमाल बाहेर. परवा मार्केटमधल्या टीव्हीवर तो लागला आणि शेठनी ते पाहिलं. "इतना रोते क्यों हो, भाऊ?"

झालं! दुपारी गिऱ्हाईक नसताना मूळकर मूळ पुस्तक सांगू लागले, आपल्या हिंदीत. "फिर श्याम ने पैसा-पैसा जमाके छोटे भाई के वास्ते कोट शिवाया।"

शेठ सावरून बसले. "कपडा कहाँ से लिया?"

"दापोली के बाजार में एक सिंधी कापडवाला था, शेठ। तुम्हारे जैसाच। बोला, बच्चा है, ले जा, दो आना कम दे।"

शेठनी डोळे पुसले. मी हळूच म्हटलं, "मूळकर, हा सिंधी गुरुजींच्या कुठल्या रात्री आला?"

"तुम्ही मध्ये बोलू नका हो," ते खेकसले. "आत्ता कुठं पऱ्याला पूर आलाय. सीन जाईल सगळा."